गटारात पाऊस शिरतो तेव्हा : सांडपाण्याच्या लाईनीत नको असलेलं पाणी कसं शोधायचं, कसं थांबवायचं?



आज एक साधा प्रश्न घेऊ. घरात माणसं तेवढीच, नळाला पाणी तेवढंच, तरी पावसाळ्यात रस्त्यावरचं गटाराचं चेंबर भरून का वाहतं? उन्हाळ्यात गुपचूप वाहणारी लाईन जुलै महिन्यात उफाळून वर का येते? आपल्या अमरावती-अकोल्यात हा प्रश्न विचारला की बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "लाईन चोक झाली असंन." कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळ वेळा लाईन चोक नसते. तिच्यात तिचं नसलेलं पाणी शिरलेलं असतं.

विषय थोडा नाक मुरडायला लावणारा आहे. पण गणित, विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र असे चारही विषय यात एकत्र येतात. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

दोन पाणी, दोन वाटा

शहरात वाहून जाणारं पाणी दोन प्रकारचं असतं. एक सांडपाणी, म्हणजे संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर यांतून निघणारं. दुसरं पावसाचं पाणी, म्हणजे छत, अंगण आणि रस्त्यावरून वाहणारं.

जुन्या काळी कित्येक शहरांत दोन्ही पाणी एकाच गटारात जायचं. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीची दुर्गंधी असह्य झाली, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने तिथे मोठी गटारं बांधली. ती दोन्ही पाणी एकत्र नेणारीच होती. पुढे १८८० मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जॉर्ज वॉरिंगने फक्त सांडपाण्यासाठी वेगळी, बारीक लाईन टाकली आणि वेगळ्या वाटांची पद्धत रुजत गेली.

आपल्याकडे ही वेगळी पद्धतच सोयीची. कारण उघड आहे. वऱ्हाडात वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यातही काही मोजक्या दिवसांत धो धो पडतो. एवढं पाणी मावेल असा पाईप सांडपाण्यासाठी टाकला, तर उरलेले आठ महिने त्यात पाण्याची बारीक धार वाहील आणि गाळ तळाशी बसून राहील. म्हणून सांडपाण्याला जमिनीखालची बंद लाईन आणि पावसाला रस्त्याकडेची नाली, अशा दोन वाटा ठेवतात.

अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरं २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत अभियानात होती. दोन्हीकडे भूमिगत गटार योजनेची कामं झाली. अमरावतीत लालखडीला आणि अकोल्यात शिलोड्याला सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं उभी राहिली. लाईन नवी असली तरी एक गोष्ट विसरायची नाही. ती फक्त सांडपाण्यासाठी मोजून-मापून केलेली असते.

आधी थोडं गणित करू

आपल्या देशात गटार योजना आखताना केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेची नियमपुस्तिका वापरतात. तिची सुधारित आवृत्ती २०१३ मध्ये आली. ढोबळ हिशेब असा, की दर माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी पुरवलं, तर त्यातलं ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन परत येतं.

२०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती. त्याला १०८ ने गुणा. रोजचं सांडपाणी आलं जवळपास ७ कोटी लिटर.

आता एका घराचा हिशेब. पाच माणसांचं घर म्हणजे ५ × १०८ = ५४० लिटर रोज. तासाला सरासरी २२.५ लिटर. सकाळी सगळे एकदम आंघोळीला जातात, म्हणून छोट्या वस्तीसाठी तिप्पट प्रवाह धरतात. म्हणजे तासाला साधारण ६८ लिटर.

त्याच घराचं छत १००० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर आहे. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. तासाभरात १० मिलिमीटर पाऊस पडला, तर छतावरून उतरलं ९३० लिटर पाणी.

६८ कुठे आणि ९३० कुठे! जवळपास चौदा पट!

याच्या पुढची पायरी तर अजून बोलकी आहे. समजा एका कॉलनीत १०० घरं आहेत. त्या सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त सांडपाणी तासाला ६,८०० लिटर. त्यातल्या फक्त १० घरांनी छताचा पाईप गटारलाईनीला जोडला असेल, तर तेवढ्या पावसात ९,३०० लिटर पाणी लाईनीत घुसतं. म्हणजे १० छतांचं पाणी १०० घरांच्या सांडपाण्यापेक्षा जास्त. "माझ्या एका पाईपानं काय होते?" या प्रश्नाचं उत्तर या हिशेबात आहे.

नको असलेलं पाणी शिरतं कुठून?

हे पाणी दोन प्रकारांनी शिरतं. समजायला सोपं जावं म्हणून त्यांना आपण "शिरकाव" आणि "पाझर" म्हणू.

*शिरकाव* म्हणजे पावसाचं पाणी थेट, उघड्या वाटेने लाईनीत जाणं. त्याच्या वाटा अशा :

- छताचा पाईप घरच्या चेंबरला जोडलेला असणं. प्लंबरला हे सोपं पडतं, पाईपही कमी लागतो.
- अंगणातली धुण्या-भांड्याची उघडी जागा. तिथली जाळी गटारलाईनीला जोडलेली असते आणि सगळ्या अंगणाचं पाणी तिथेच उतरतं.
- फुटलेली, हललेली किंवा रस्त्यापेक्षा खाली राहिलेली मॅनहोलची झाकणं.
- रस्त्याकडेची नाली चुकून किंवा मुद्दाम गटारलाईनीला जोडलेली असणं.
- रस्त्यावर पाणी साचलं की लोकांनी स्वतः झाकण उघडून ते आत सोडणं.

*पाझर* म्हणजे जमिनीतलं पाणी पाईपाच्या भेगांतून, सुटलेल्या सांध्यांतून, मॅनहोलच्या विटांच्या भिंतीतून हळूहळू आत येणं. ते दिसत नाही, आवाजही करत नाही. पण रात्रंदिवस चालू राहतं.

नियमपुस्तिकेतही थोडा पाझर गृहीत धरलेला आहे. एक किलोमीटर लाईनीला दिवसाला ५०० ते ५,००० लिटर, किंवा एका मॅनहोलला २५० ते ५०० लिटर. आता एका सांध्यातून दर १० सेकंदाला एक लिटर पाणी येतंय असं धरा. मिनिटाला ६ लिटर, तासाला ३६० लिटर, दिवसाला ८,६४० लिटर. एका सांध्याने किलोमीटरभराची कमाल मर्यादा ओलांडली! आणि हे पाणी ८० माणसांच्या सांडपाण्याइतकं झालं. म्हणजे लाईनीवर ८० न दिसणारी माणसं राहायला आली.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव

इथे वऱ्हाडचा भूगोल आठवा. आपली कपाशीची काळी माती पाणी पिली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पुरलेला पाईप दरवर्षी ओढला-ढकलला जातो. त्याच्या खाली आणि भोवती वाळू-मुरमाचा नीट थर दिलेला नसेल, तर सांधे हळूहळू सरकतात.

दुसरी गंमत अशी, की काळ्या मातीतून पाणी सहज झिरपत नाही. मग पाझर होतो कसा? लाईन टाकायला खोदलेली चारी परत भरताना माती ढिली राहते, तिथे मुरूमही असतो. आजूबाजूच्या घट्ट मातीपेक्षा पाण्याला ही वाट सोपी. पावसाचं पाणी चारीत उतरतं आणि पाईपाच्या कडेकडेने वाहत राहतं. वाटेत सुटलेला सांधा मिळाला की आत शिरतं.

त्यात झाडांची मुळं भर घालतात. पिंपळ, वड यांची मुळं ओलाव्याच्या शोधात सांध्यापर्यंत पोचतात. आधी केसासारखं बारीक मूळ आत जातं, मग ते जाड होतं आणि सांधा उकलतो.

बिघडतं काय?

पहिला फटका सखल भागातल्या घरांना बसतो. लाईन भरली की पाणी उलटं येतं, आणि ते तळमजल्याच्या न्हाणीतून, संडासातून वर येतं. छताचा पाईप जोडणारा वरच्या भागात राहतो, आणि भोगणारा खालच्या भागात.

दुसरा फटका नदीला. लाईनीत न मावलेलं मिश्र पाणी नाल्यात जातं. अमरावतीत अंबा नाला आहे, अकोल्यात मोर्णा. मोर्णा पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. १३ जानेवारी २०१८ ला अकोल्यात सहा हजारांहून जास्त लोकांनी एकत्र येऊन मोर्णेची स्वच्छता केली. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या "मन की बात"मध्येही त्याचा उल्लेख झाला. जलपर्णी हातांनी काढता येते. पण सांडपाणी येत राहिलं, तर तिला खत मिळतच राहतं आणि ती पुन्हा उगवते.

तिसरा फटका शुद्धीकरण केंद्राला. तिथे सूक्ष्मजीव घाण खाऊन पाणी साफ करतात. एकदम पातळ पाण्याचा लोंढा आला, तर त्यांना पुरेसा वेळ मिळत नाही, कधी ते वाहूनही जातात. पंप जास्त चालतात, विजेचं बिल वाढतं. पाण्यासोबत आलेली माती-वाळू पंपांची पाती झिजवते. पावसाचं मुळात बरं असलेलं पाणी आपण घाण करतो आणि मग पैसे मोजून साफ करत बसतो.

चौथा मुद्दा आरोग्याचा. ज्या भेगेतून पावसाळ्यात पाणी आत येतं, त्याच भेगेतून उन्हाळ्यात घाण बाहेर जाते. आपल्याकडे नळ रोज चोवीस तास नसतो. पुरवठा बंद असताना पिण्याच्या पाईपात दाब उरत नाही. तो पाईप जवळून जात असेल आणि त्यालाही चीर असेल, तर बाहेरची घाण त्यात ओढली जाऊ शकते. कावीळ, गॅस्ट्रो, विषमज्वर या वाटेने घरात येतात.

आणि पाचवा मुद्दा सगळ्यांत गंभीर. लाईन तुंबली की ती मोकळी करायला माणूस लागतो. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूने काही क्षणांत जीव जातो. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवायला बंदी आहे. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. पण पैशाने माणूस परत येत नाही. नको असलेलं पाणी आणि त्यासोबतचा गाळ लाईनीत गेलाच नाही, तर ती तुंबण्याची आणि कुणाला बोलावण्याची वेळही कमी येईल.

शोधायचं कसं?

पाणी तर जमिनीखाली, मग इंजिनिअर ते शोधतात कसं? डॉक्टर जसा आधी नाडी बघतो, मग तपासण्या सांगतो, तसंच हे काम चालतं.

*१. पंपाचे तास मोजणे.* सगळ्यांत स्वस्त उपाय. समजा कोरड्या दिवसांत पंप ८ तास चालतो, पावसाच्या दिवशी १३ तास, आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी १० तास. पाऊस पडताच वाढलं आणि थांबताच उतरलं, ते शिरकावाचं पाणी. पाऊस थांबल्यावरही रेंगाळलं, तो पाझर. एका वहीतल्या नोंदींवरून रोगाचा अर्धा अंदाज येतो.

*२. रात्रीचा प्रवाह बघणे.* रात्री २ ते ४ या वेळात कुणी आंघोळ करत नाही, भांडी घासत नाही. तेव्हाही राहत्या वस्तीच्या लाईनीत भरपूर आणि स्वच्छसर पाणी वाहत असेल, तर ते घरातलं नाही. मग एकेक मॅनहोल वरच्या अंगाला तपासत जायचं. जिथे प्रवाह एकदम कमी होतो, त्याच्या अलीकडच्या तुकड्यात दोष.

*३. धुराची चाचणी.* लाईनीचा एक तुकडा दोन्हीकडून बंद करून पंख्याने त्यात निरुपद्रवी धूर सोडतात. धूर जिथून बाहेर येईल तिथून पाणी आत जातं. छताच्या पाईपातून आला, तर छत जोडलेलं आहे. नालीतून आला, तर नाली जोडलेली आहे. जमिनीतून आला, तर वरच्या बाजूला पाईप फुटलेला आहे. घरात मात्र धूर यायला नको, कारण न्हाणीच्या जाळीखालच्या वाकड्या भागात पाणी साचलेलं असतं आणि ते धूर अडवतं. म्हणून चाचणीआधी लोकांना कळवतात आणि न वापरलेल्या न्हाणीत एक बादली पाणी ओतायला सांगतात.

*४. रंगाची चाचणी.* संशय असलेल्या जाळीत किंवा छताच्या पाईपात रंगीत पाणी ओतायचं आणि ते पुढच्या मॅनहोलमध्ये दिसतं का ते बघायचं.

*५. कॅमेरा.* चाकांच्या गाडीवर बसवलेला कॅमेरा पाईपातून फिरवतात. भेग, मूळ, सरकलेला सांधा, वाहणारी धार, सगळं पडद्यावर दिसतं. किती मीटरवर दोष आहे तेही कळतं, म्हणून रस्ता भलतीकडे खोदावा लागत नाही.

*६. क्षार मोजणे.* आपल्या भागासाठी हा खास उपयोगी. पावसाचं पाणी मिसळलं की सांडपाण्यातल्या क्षारांचं प्रमाण घटतं. पण अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेकाठचा खारपाणपट्टा जातो. तिथे भूजलच खारं. त्यामुळे तिथल्या लाईनीत पाझर असेल, तर क्षार उलट वाढलेले दिसतील. घरच्या आरओ मशिनवाल्याकडे असतो तसा टीडीएस मीटरही पहिली शंका घ्यायला पुरतो.

कोणती तपासणी केव्हा?

धुराची चाचणी एप्रिल-मे महिन्यात करावी. तेव्हा जमीन वाळलेली असते, भेगा उघड्या असतात, धूर सहज वर येतो. भिजलेली, फुगलेली काळी माती धूर अडवून धरते. झाकणांची आणि जोडण्यांची पाहणी जून लागायच्या आत. पंपाच्या नोंदी जून ते सप्टेंबर. रात्रीचा प्रवाह आणि कॅमेरा ऑगस्ट ते ऑक्टोबर, कारण तेव्हा भूजल वर आलेलं असतं आणि पाझर चालू स्थितीत पकडता येतो. दुरुस्ती मग हिवाळ्यात.

थांबवायचं कसं?

महापालिकेने करायची कामं अशी : सांध्यांना रबराची रिंग असलेले चांगले पाईप, खाली वाळू-मुरमाचा थर, नवी लाईन टाकल्यावर पाणी भरून गळतीची चाचणी, मॅनहोलच्या भिंतींना आतून गिलावा, झाकण रस्त्याच्या पातळीत, आणि जुन्या फुटक्या पाईपात आतून नवं अस्तर. रस्त्याकडेच्या नाल्याही पावसाळ्याआधी साफ हव्यात. नाली तुंबली, तर पावसाचं पाणी गटारलाईनीकडेच धावणार.

पण खाजगी जागेतला शिरकाव महापालिका एकटी थांबवू शकत नाही. ते काम तुमचं-आमचं :

- छताचा पाईप गटारलाईनीला असेल तर सोडवून घ्या. ते पाणी गाळून विहिरीत, बोअरजवळच्या शोषखड्ड्यात किंवा टाक्यात सोडा. आधीच्या हिशेबातलं छत आठवा. वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्यावर जवळपास ७०,००० लिटर पाणी पडतं. ते गटारात घालणं आपल्याला परवडतं का?
- अंगणातल्या धुण्याच्या जागेभोवती वीतभर कठडा बांधा, जमलं तर वर पत्रा टाका.
- घरच्या चेंबरचं झाकण फुटलं असेल तर बदला.
- घर सखल भागात असेल, तर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.
- आणि काही झालं तरी रस्त्यावरचं झाकण उघडू नका.

शेवटचा मुद्दा पुन्हा सांगतो. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत प्रचंड पाऊस झाला. रस्त्यावरचं पाणी ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडलेलं होतं. घरी पायी निघालेले नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर त्यात पडले आणि दगावले. पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही. झाकण उघडणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्या उघड्या तोंडात कुणाचाही पाय पडू शकतो.

समारोप

संत गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. ते गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे आणि कीर्तन मग करायचे. त्यांच्या काळातली घाण डोळ्यांना दिसत होती. आजची बरीचशी घाण झाकणाखाली, पाईपात आहे. खराटा तिथे पोचत नाही, पण वही, मोजपट्टी आणि आपला एक पाईप सोडवून घेण्याची तयारी नक्की पोचते.

स्वाध्याय

१. "शिरकाव" आणि "पाझर" यांतला फरक प्रत्येकी दोन उदाहरणं देऊन लिहा.
२. तुमच्या घराच्या छताची लांबी-रुंदी मोजा. २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर किती लिटर पाणी जमा होईल ते काढा.
३. एका सांध्यातून दर ५ सेकंदाला अर्धा लिटर पाणी पाझरतं. ते दिवसाला किती माणसांच्या सांडपाण्याइतकं होईल? (माणशी १०८ लिटर धरा.)
४. धुराची चाचणी आपल्या भागात उन्हाळ्यात का करावी? मातीच्या गुणधर्मावरून सांगा.

उपक्रम : घरातल्या मोठ्या माणसांसोबत छताच्या पाईपात एक बादली रंगीत पाणी ओता. ते नालीत येतं, बागेत येतं की घरच्या चेंबरमध्ये, याची वहीत नोंद करा. चेंबरचं झाकण मोठ्यांनीच उघडायचं, तुम्ही दुरून बघायचं. रस्त्यावरच्या मॅनहोलजवळ कुणीही जायचं नाही. वर्गातल्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की किती छतं गटारात उतरतात ते फळ्यावर मांडा. आकडा बघून काय वाटलं, ते शिक्षकांशी नक्की बोला.